ताण आधी भरावा लागतो

नागभीड हे रेल्वेचे जंक्शन, पण तालुक्यातली गावे धानाच्या बांध्या आणि जंगल यांमध्ये विखुरलेली. मोठ्या वर्गांची शाळा पुष्कळ मुलींना दुसऱ्या गावी गाठावी लागते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. म्हणूनच त्या सायकलीच्या चाकाबद्दल बोलायचे आहे.

जुन्या धाटणीच्या काळ्या सायकलीला पुढे 32 आणि मागे 40 तारा असतात. मागे जास्त, कारण बसणाऱ्याचे बहुतेक वजन, कॅरिअरवरचे पोते आणि साखळीची ओढ, सगळे तिकडेच येते. मिस्त्री मागच्या चाकाच्या हबच्या एका बाजूला एकाआड एक भोकांत दहा तारा ओवतो, रिंगच्या दर चौथ्या भोकात त्यांना निपल लावतो. दुसऱ्या बाजूलाही तसेच. मग हब पिळून उरलेल्या तारा उलट दिशेने, आधीच्या तारांना ओलांडत नेतो. ही तिरपी बांधणी इंग्लंडच्या जेम्स स्टार्ली यांनी 1874 मध्ये पेटंट केली. तारा हबपासून सरळ रिंगकडे गेल्या, तर पायडल मारताच हब आधी जागच्या जागी पिळला जाईल; तिरप्या तारा ती ओढ रिंगपर्यंत पोचवतात.

बैलगाडीच्या चाकात ओझे खालच्या आऱ्यावर उभे राहते, म्हणून आरा जाड लाकडाचा. सायकलची तार जेमतेम दोन मिलिमीटरची. उभी दाबली तर वाकेल. तरी तिच्यावर माणूस आणि पोते निघते, कारण प्रत्येक तार आधीच ताणून ठेवलेली असते. ओझे आले की खालच्या काही तारांचा ताण थोडा उतरतो, चाक पुढे सरकले की पुन्हा चढतो. मुळातच ताण कमी असेल तर तार प्रत्येक फेऱ्याला सैल पडते, हबजवळच्या बाकावर हलत राहते आणि शेवटी तिथेच तुटते. तार बहुधा ओझ्याने तुटत नाही, ढिलेपणाने तुटते. मग तिचा वाटा शेजारणींवर पडतो.

चाकाचा आऊट काढताना कच्चा मिस्त्री एकच तार कचकचून आवळतो. जाणता मिस्त्री पाव-पाव आटा फिरवतो, तोही शेजारच्या तारांत वाटून. एका बाजूची कसली तर दुसऱ्या बाजूची किंचित सोडतो. दोष एका जागी दिसला तरी तो सगळ्या चाकाचा हिशेब असतो, हे त्याचे हात ओळखतात. अशा ज्ञानाला आपण अजून ज्ञान मानत नाही, याचे मला वाईट वाटते. मोटारसायकलच्या कामात पैसा जास्त, म्हणून तरुण हात तिकडे वळतात.

नव्या सायकलीच्या तारा चालवता चालवता जागेवर बसतात आणि सैलावतात. तेव्हाच त्या कसल्या नाहीत, तर पुढची खडबडीत वाट चाकाला झेपत नाही, आणि चाक बसले की शाळाही बुडते. सायकल देण्याइतकेच हे कसणे महत्त्वाचे आहे. शाळांनी महिन्याभरात एक दिवस ठरवून जवळच्या मिस्त्रीला बोलवावे, त्याला रीतसर मजुरी द्यावी, आणि तार कसायची चावी मुलींच्याही हाती द्यावी.