म्हातारीचा डोळा

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यात, बालाघाटाच्या उतरणीवर एक वस्ती आहे. पन्नास-साठ उंबरे असतील. नवरात्र बसलं की तिथे मुकादमाच्या फेऱ्या सुरू होतात आणि दिवाळी उलटता उलटता निम्म्याहून जास्त दारांना कुलपं लागतात. उचल उन्हाळ्यातच घेतलेली असते. कुणाच्या घरी लग्न झालेलं, कुणाचा दवाखाना निघालेला, कुणाची बोअर कोरडी गेलेली. ही उचल फेडायला नवरा-बायकोचा कोयता पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला जातो. लेकरं मागे ठेवायची कुणाकडे? तीही ट्रॅक्टरमध्ये चढतात.

वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते पाचवीची. मंजूर शिक्षक दोन. त्यातले गुरुजी प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या शाळेत गेले ते गेलेच, आणि पाचही वर्ग एका बाईंच्या गळ्यात पडले. बाई कोल्हापूरकडच्या. शिक्षणसेवक म्हणून त्यांचं दुसरं वर्ष चालू होतं. शिक्षणसेवकाला पहिली तीन वर्षं मानधनावर काढावी लागतात; प्राथमिकला ते 6,000 रुपये होतं, 2023 पासून 16,000 झालं. त्यात तालुक्याच्या गावी खोलीचं भाडं, स्कूटीचं पेट्रोल, सणावाराला घरी जायची एसटी. पैशाची ओढाताण होणार हे त्यांना माहीत होतं. शिकवायलाच मिळणार नाही, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. पहिलीच्या मुलांची बोटं पाटीवर वळायला लागत, तोच पोषण आहाराचा आकडा ॲपवर भरायची वेळ होई. वस्तीवर रेंज नाही. मारुतीच्या पाराजवळच्या चढावर जाऊन फोन धरून उभं राहायचं, माहिती गेली की खाली यायचं. तोवर वर्गाचा बाजार झालेला असे. मग यू-डायसवर भरायची शाळेची माहिती, आधारमधल्या दुरुस्त्या, मतदारयादीचं काम. शिक्षण हक्क कायद्यानुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढं सोडून शिक्षकाला दुसरं बिगरशैक्षणिक काम लावता येत नाही. पण बाकीचं बरंचसं ‘शाळेचंच काम’ म्हणून येतं, आणि त्यात दिवस मावळतो.

टेबलाच्या कप्प्यात बाईंनी राजीनामा लिहून ठेवला होता. तारीख तेवढी घालायची राहिली होती. दर रविवारी वडिलांचा फोन यायचा, “दिलास का? ये की घरी आता. बँकेच्या परीक्षेला बस.”

सप्टेंबरात हंगामी वसतिगृहाचं पत्र आलं. या वसतिगृहाला वेगळी इमारत नसते. आईबाप ऊसतोडीला गेले तरी मुलं गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे झोपायची आणि जेवणाची सोय शाळेत व्हायची. व्यवस्था शाळा व्यवस्थापन समितीने बघायची. त्यासाठी मागे राहणाऱ्या मुलांची यादी आधी द्यावी लागते. बाई यादी करायला घरोघर निघाल्या. पहिलं घर त्यांनी मुद्दाम आरतीचं धरलं.

आरती पाचवीत होती. तीन वर्षांचा भाऊ कडेवर, दुसऱ्या हाताचं बोट ओळीखाली सरकतंय, अशी ती शाळेच्या ओट्यावर उभ्याने वाचायची. भावाने पान ओढलं तर त्याचा हात बाजूला करायची आणि पुन्हा त्याच शब्दापासून सुरू करायची, पुढच्यापासून नाही. बाई चढावर रेंज शोधत असत तेव्हा पहिलीच्या मुलांची पाढ्यांची उजळणी हीच घेई. गेल्या हंगामात ती नोव्हेंबरात गेली आणि एप्रिलात आली, तेव्हा भागाकार विसरून आली होती. त्याआधीच्या वर्षीही असंच झालं असणार. अशी तीन-चार वर्षं गेली की मुलगी वर्गातल्या बाकीच्या मुलांच्या मागे पडते, तिला वर्गात बसायची लाज वाटायला लागते, आणि मग एके दिवशी ती येत नाही. शाळा सुटण्याचा असा एकच दिवस नसतो. ती दर हंगामाला थोडी थोडी सुटत असते.

आरतीची आई दारात गोधडीला टाके घालत होती. बाईंनी बसून शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. पोरगी हुशार आहे, शिकली तर कोयता सुटेल, हे सगळं. आईने टाका घालायचा थांबवला नाही.

“शिकावं हे कळतं, बाई. मी चौथीतून फडावर गेले. मला नाही कळायचं तर कुणाला कळायचं? पण ह्या बारक्याला पाचटात कुठं टाकू, तेवढं सांगा. पहाटे चारला फडात जावं लागतं. विंचू हाय, साप हाय, गाड्यांची ये-जा हाय. आरती त्याला कोपीत धरते, भाकरी टाकते, पाणी आणते, तवा आमचा कोयता चालतो.”

“दोघांनाही आजींकडे ठेवा. बारक्याला अंगणवाडी आहे, आरतीचं जेवण शाळेत.”

आतून म्हातारी बोलली, “मला दिसतंय कुठं, लेकी? परवा लेकरू हिरीच्या काठाला गेलं, मला पत्त्या न्हाई. शेजारच्या पोरानं धरलं म्हणून वाचलं.”

यावर बाईंकडे उत्तर नव्हतं. तरी उठता उठता त्या म्हणाल्या, “एवढं वर्ष थांबवा. थोडं सहन करा, होईल काहीतरी.”

संध्याकाळी खोलीवर येऊन त्यांनी तालुक्याच्या साहेबांना फोन लावला. दुसरं पद कधी भरणार, निदान गुरुजींना तरी परत पाठवा. साहेब चांगल्या शब्दांत बोलले. “एवढं वर्ष थांबा मॅडम. थोडं सहन करा. होईल काहीतरी.” फोन ठेवल्यावर बाई बराच वेळ तशाच बसल्या. सकाळी आरतीच्या दारात आपण नेमके हेच शब्द बोलून आलो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

जाणाऱ्याला आपण शिक्षणाची थोरवी सांगत बसतो, आणि ती त्याला आपल्याइतकीच ठाऊक असते. अडतं ते राहण्या-जेवण्यापाशी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, तेव्हा त्यांनी पहिली काळजी केली ती मुलांच्या राहण्या-जेवण्याची. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. बहुजनांची मुलं शाळेत टिकली ती या भाकरीमुळे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई पुन्हा आरतीच्या घरी गेल्या. या वेळी त्या काही सांगायला गेल्या नव्हत्या. म्हातारीला त्यांनी उजेडात बसवलं, हनुवटी धरून चेहरा वर केला. उजव्या डोळ्यात दुधाची साय धरावी तसा पांढरा पडदा होता. डावा त्याच वाटेवर. आशाताईला बोलावलं. ती म्हणाली, मोतीबिंदू आहे, पुढच्या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात तपासणी आहे, तिथून बीडला जिल्हा रुग्णालयात नेतात, पैसे पडत नाहीत. म्हातारीला हे कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. तिला न्यायला कुणाचा तरी एक दिवस लागत होता, आणि त्या घरात एक दिवसाची मजुरी मोडायला कुणी मोकळं नव्हतं. बाईंनी रजा टाकली. स्कूटीवर मागे म्हातारी, तिच्या हातात आधार कार्डाची पिशवी. नेलेल्या आठवड्यातच उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा मात्र मजुरी बुडवून सून बीडला सोबत राहिली, आणि ते दिवस आरतीचा भाऊ शाळेच्या ओट्यावर पहिलीतल्या मुलांमध्ये खेळला.

पट्टी निघाल्यावर म्हातारीने पहिल्यांदा तांदूळ निवडले. मग सुनेची लुगडी बघून म्हणाली, “एवढी विटलीत, कुणी सांगितलं का न्हाई?” काळा चष्मा लावून ती नातवाला घेऊन रोज शाळेच्या ओट्यावर येऊन बसायला लागली, मुलगा नजरेआड होत नाही ना हे स्वतःलाच दाखवायला. तिथे बसल्या बसल्या तिला आणखी एक गोष्ट दिसली. दहा वाजता आलेल्या बाई पाच वाजेपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत.

“का गं लेकी? उपास हाय का?”

बाईंनी आधी टाळलं. मग हळू आवाजात सांगितलं. संडास बांधलेला होता, पण त्यात नळ नाही, कडी मोडलेली, अर्ध्या जागेत पोषण आहाराचं सरपण. मुली शेजारच्या घरी धावत. बाई कुठे जाणार? पाणीच प्यायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. लघवीच्या जळजळीचं औषध दोनदा झालं होतं. राजीनाम्यात त्यांनी ‘घरगुती कारण’ लिहिलं होतं. हे कारण कुठल्या कागदावर लिहिणार?

म्हातारी त्याच पावली सरपंचाच्या घरी गेली. सरपंच शेतात होता, बायको दारात होती, तिलाच म्हणाली, “तुमच्या लेकीला सासरी दिवसभर असं आवळून बसावं लागलं, तर तुम्ही काय कराल?” बायकांमध्ये ही गोष्ट दुपारपर्यंत वस्तीभर झाली. आठवडा संपायच्या आत वस्तीच्या टाकीवरून शाळेपर्यंत पाइप आला, कडी बसली, सरपण बाहेर निघालं. खर्च किती आला हे ऐकून सरपंचाला स्वतःलाच वाईट वाटलं. इतक्या थोडक्यासाठी एक शिक्षिका चालली होती, आणि पाचवीच्या मुली महिन्यातले काही दिवस घरी का राहतात हेही त्याला आता कळलं.

मग रेंज असलेल्या गावात ऑनलाइन सेवा केंद्र चालवणारा पोरगा पुढे आला. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना बापाचा पाय मोडला आणि आईबरोबर कोयत्याला दुसरा माणूस म्हणून तो गेला. कॉलेज तिथेच राहिलं. तो म्हणाला, बाईंनी माहिती कागदावर लिहून द्यावी, मी केंद्रावर बसून भरतो, संध्याकाळी त्यांनी एकदा नजर फिरवावी. बाईंचे रोजचे दीड-दोन तास वाचले. ते सगळे तास वर्गात गेले.

पाण्याची सोय आणि मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहं ही शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलेली गोष्ट आहे. दुसरा शिक्षक देणं हेही सरकारचंच काम. वस्तीने केलं म्हणून ते कुणाच्या अंगावरून उतरत नाही. म्हणूनच बायकांनी अंगठे-सह्या करून दुसऱ्या शिक्षकासाठीचा अर्ज पंचायत समितीत नेऊन दिला, आणि पोच मागून घेतली. शिक्षक अजून आलेला नाही. अर्जाची आठवण मात्र दर सोमवारी जाते.

दिवाळीनंतर ट्रॅक्टर लागले. यादीतली बारा मुलं मागे राहिली. आरती त्यात होती, भाऊ अंगणवाडीत. आईने जाताना बाईंच्या हातात काही दिलं नाही, आभारही मानले नाहीत. एवढंच म्हणाली, “त्याला रात्री दमा उठतो. म्हातारीला वाफेचं माहीत हाय, पण तुम्ही इचारत जा.” कप्प्यातला राजीनामा बाईंनी फाडला असं नाही. तो तिथेच आहे. त्या दिवाळीत तो तालुक्याला गेला नाही, एवढं खरं.

चौथीतल्या एका मुलाचं मात्र काही जमलं नाही. आजी-आजोबा नाहीत, चुलते त्याच्या आईबापाच्याच ऊसतोड टोळीत. तो जाणार हे दिसलं तेव्हा बाईंनी त्याचं शिक्षण हमी पत्रक भरलं. ते दाखवलं की जिथे टोळी उतरेल तिथल्या शाळेत मुलाला बसता येतं आणि कुठून पुढे शिकवायचं तेही कळतं. कारखाना कुठला, हे विचारलं तेव्हा मुलाच्या बापाने नाव सांगितलं. ते बाईंच्याच माहेरच्या तालुक्यातलं होतं. लहानपणी घरच्या उसात दर हिवाळ्यात ऊसतोड्यांच्या कोप्या पडायच्या, त्यांच्यासमोरून त्या दप्तर घेऊन शाळेत जायच्या. त्या कोपीतल्या मुली कुठल्या गावच्या, हे घरात कधी कुणी विचारलं नव्हतं.

रविवारी वडिलांचा फोन आला तेव्हा त्यांना काही विचारू न देता बाई म्हणाल्या, “अप्पा, एक काम आहे. कारखान्याच्या तळावर जायचं. एक पोरगं आहे, त्याच्याकडे माझ्या सहीचा कागद आहे. त्याला जवळच्या शाळेत बसवायचं.”

अप्पा आधी कुरकुरले. तोडीच्या दिवसांत सवड कुणाला असते? चार दिवसांनी, रविवार नसताना, त्यांचा फोन आला.

“बसवलं बघ त्याला शाळंत. हेडमास्तर आधी नको म्हणत हुते, पट आधीच जास्त हाय म्हणून. कागद दाखवला, मग गप्प बसले. पोराला चप्पल नव्हती, घेतली.” मग थोडं थांबून म्हणाले, “अगं, त्या तळावर लई पोरं हाईत. एकाच्यापण हातात असला कागद नाही. पाटोदा, आष्टी, धारूर म्हणत्यात. त्यांच्या गावच्या मास्तरास्नी कोण फोन करणार?”

“नावं विचारून घ्या अप्पा. इयत्ता पण. गाव आणि शाळा नीट लिहा,” बाई म्हणाल्या, आणि वही ओढून तारीख घातली.