आकाशपाळण्याचा दृष्टान्त



वाचक माउली, या विषयावर आपल्या मासिकात लिहावे का, असे मी आधी घरात विचारले. आमच्या मंडळी म्हणाल्या, "लोक हसतील." हसू द्यावे. जन्मभर हरिकथा केलेल्या माणसाने पंच्याहत्तरीच्या उंबऱ्यावर इमॅजिकाबद्दल लिहावे, हे हसण्यासारखेच आहे. पण प्रश्न खरा आहे. तो आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही, आमच्या कळमनुरीत, हळद-सोयाबीनच्या गावात, घरोघर येऊन बसला आहे. परीक्षा संपल्या की नातवंडे विचारतात, "यंदा कुठं?" आणि थीम पार्कचे नाव घेतात. एका दिवसाच्या मौजेसाठी घरातला एवढा पैसा घालावा का? तो सार्थकी लागतो का?

कीर्तनकाराजवळ या प्रश्नाचे उत्तर तयार असते. माझ्याजवळही होते. ते कसे तयार झाले, हे मात्र मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

१९८७ सालचा हिंगोलीचा दसरा. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता, जिल्हा व्हायला अजून बारा वर्षे होती. पण दसरा तेव्हाही असाच होता. रामलीला मैदान, प्रदर्शन, खेळण्यांची दुकाने, मौत का कुआँ आणि या सगळ्यांवर दिवे लावून फिरणारा आकाशपाळणा. माझा मुलगा आठ वर्षांचा होता. त्याला घेऊन मी मैदानातून चाललो होतो. त्याने एकच मागितले, पाळण्यात बसायचे. माझ्या खिशात आदल्याच रात्रीच्या कीर्तनाची बिदागी होती. पैसे नव्हते असे नाही. पण मी पाळण्याखाली उभा राहून त्याला समजावू लागलो. बघ, जो वर गेला तो खाली येतो. खाली आला तो पुन्हा वर जातो. चौऱ्यांशीचा फेरा असाच असतो. एवढे फिरून माणूस उतरतो कुठे, तर जिथून चढला तिथेच, आणि खिसा तेवढा हलका झालेला असतो. पोरगे रडले. थोड्या वेळाने गप्प झाले.

त्याच आठवड्यात कीर्तनात मी हा प्रसंग सांगितला. मंडप हसला. पोराच्या रडण्याची नक्कल केली तेव्हा आणखी हसला. आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे काढून विचारसागर, पंचदशी वाचून आलो होतो, पण लोकांच्या लक्षात राहिला तो हा पाळणा. पुढे तीसेक वर्षे मी तो जिल्ह्या-जिल्ह्यांतून फिरवला. "महाराज, पाळण्याचा दृष्टान्त होऊ द्या," अशी फर्माईश व्हायची. माझा मुलगा मोठा होत होता आणि गावातल्या सप्ताहात पुढच्या रांगेत बसून तोच दृष्टान्त ऐकत होता. त्याला काय वाटत असेल, हा विचार मला शिवला नाही.

मुलगा आता पुण्याकडे चिंचवडला राहतो. चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात त्याचा फोन आला. "आण्णा, पोरांना इमॅजिकाला न्यायचंय. तुम्ही दोघं या." मी म्हणालो, त्या पैशात काशी होईल. तो म्हणाला, "काशीला नेईनच. हे पोरांचं आहे." मी हिशेब विचारला. तिकिटे, गाडी, खाणेपिणे मिळून बारा-तेरा हजारांच्या घरात जात होते. आमच्याकडे पैसा हळदीत मोजायची सवय आहे. एक क्विंटल हळद. ती खणून काढायची, शिजवायची, पंधरा-वीस दिवस वाळवायची, पॉलिश करायची, मग वसमत-हिंगोलीच्या बाजारात न्यायची. नऊ महिन्यांचे पीक आणि एका दिवसात खलास. मी नाही म्हणालो. आमच्या मंडळींनी मात्र पिशवी भरून ठेवली होती. त्यांनी मला एवढेच विचारले, "तुम्ही एकादशी बघा. ती टाळून दिवस धरू." झाले. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालो.

हे ठिकाण रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात, खोपोलीजवळ द्रुतगती मार्गालगत आहे. २०१३ साली सुरू झाले. तिथे नायट्रो नावाचा एक भला मोठा लोखंडी झोपाळा-गाडा आहे, तो माणसांना उलटे-पालटे करून आणतो. थोरली नात त्यात बसली. धाकटा नातू बसला नाही, त्याला भीती वाटली आणि त्याची त्याला लाजही वाटली. मला व मंडळींना भारताचे दर्शन घडवणाऱ्या एका खेळात बसवले. पुढे मोठा पडदा, आपण अधांतरी आणि देश पायाखालून सरकतो. मंडळींनी हात जोडले. मी घाबरून दांडी धरली होती, हे कबूल करतो. दशम्या गाडीतच राहिल्या होत्या, त्या परत येताना घाटात खाल्ल्या.

आता पूर्वपक्ष मांडतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. जे आरंभी विषासारखे व परिणामी अमृतासारखे, ते सात्त्विक. इंद्रिये आणि विषय यांच्या संयोगातून आरंभी अमृतासारखे लागते आणि परिणामी विष होते, ते राजस. झोप, आळस आणि प्रमाद यांतून उपजते, ते तामस. थीम पार्कचे सुख कुठल्या रकान्यात घालावे? पाळण्यात पोटात गोळा येतो, किंकाळी फुटते, उतरले की संपले, पुन्हा बसावेसे वाटते. सरळ राजस. माझा जुना दृष्टान्त इथेच थांबत असे आणि टाळ वाजत असत.

पण त्या दिवशी मी तीन-चार तास एका झाडाच्या सावलीत बसून होतो. कीर्तनकाराला समोरचे लोक पाहायची सवय असते. मी जे पाहिले ते असे. मुले धावत होती, त्यांचे सुख राजस, कबूल. पण त्यांचे आईबाप? मे महिन्याच्या उन्हात रांगेत उभे, हातात पाण्याच्या बाटल्या, खांद्यावर तीन पिशव्या, कडेवर झोपलेले लेकरू. हप्त्यांचा हिशेब डोक्यात चाललेला. त्यांच्या इंद्रियांना तिथे कोणता विषय मिळत होता? आरंभी विष होते ते नक्की. आणि संध्याकाळी गाडीत दोन्ही पोरे एकमेकांच्या अंगावर झोपी गेली, तेव्हा सूनबाई मागे वळून पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होते त्याला मी राजस म्हणू धजत नाही. एकाच तिकिटावर दोन प्रकारचे सुख असते, हे माझ्या दृष्टान्तात कधी आले नव्हते, कारण त्या दृष्टान्तात बाप पाळण्याखाली उभा राहून नुसता बोलत होता.

तिसरा प्रकारही विसरू नये. "सुट्टीत घरीच राहा" म्हणून आपण लेकरांना घरी ठेवतो तेव्हा ती घरी काय करतात? पंख्याखाली पडून मोबाइल पाहतात. रजोगुणातून वाचवताना आपण त्यांना तमोगुणात ढकलत नाही ना, हे ज्याचे त्याने पाहावे.

नातीने मला या उद्योगाचे मूळ सांगितले. अमेरिकेत वॉल्ट डिस्ने नावाचे गृहस्थ होते. ते आपल्या मुलींना बागेत नेत. मुली फिरत्या घोड्यांवर बसत आणि हे बाकावर बसून राहत. आईबाप आणि मुले यांनी मिळून रमावे अशी जागा का नसावी, हा विचार त्यांना त्या बाकावर आला, असे ते स्वतः सांगत. त्यातून १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झाले. पुढे त्याचा प्रचंड व्यापार झाला, ते वेगळे. मला तो बाक बोचला. त्या गृहस्थाला निदान बाकावर बसल्याची खंत होती. मी बाकावरही नव्हतो. मी परगावी सप्ताहात होतो. चातुर्मास, अधिकमास, माघ, चैत्र. माझ्या मुलाच्या बालपणातल्या सुट्ट्या मी लोकांच्या लेकरांना प्रपंच आणि परमार्थ समजावण्यात घालवल्या. यात लोककल्याण झाले नाही असे म्हणत नाही. पण घरच्याची गाठ पडली नाही, एवढे खरे.

कोणी म्हणेल, महाराज आता म्हातारपणी मऊ पडले आणि शास्त्र वाकवू लागले. तसे नाही. आपल्या संप्रदायाला खेळाचे वावडे कधीच नव्हते. तुकोबांच्या गाथ्यात फुगडी, हमामा, चेंडूफळी, सुरपाट्या, विटीदांडू असे खेळांचे अभंग आहेत. रिंगणात अश्व धावतो, मग टाळकरी-विणेकरी उड्या मारतात, साठीच्या बाया फुगड्या घालतात. सप्ताहाची सांगता काल्याने होते, आणि काला म्हणजे गोपाळांचे खेळणे आणि शिदोऱ्या एकत्र करणे. फरक आहे तो इतकाच की काल्यात कोणाच्या शिदोरीत काय आहे हे विचारले जात नाही. तिकिटाच्या खेळात ते आधी विचारले जाते.

आमच्या शेजारच्या गावचे, म्हणजे नर्सीचे नामदेवराय. ज्ञानोबारायांनी त्यांना तीर्थयात्रेला बोलावले, तो प्रसंग तीर्थावळीत आहे. नामदेवरायांना पंढरी सोडवत नव्हती. आणि ज्ञानोबारायांना तीर्थाची गरज काय होती? ते तर तीर्थांना पावन करणारे. तरी ते निघाले ते नामदेवरायांची संगत मिळावी म्हणून. यात्रा करून आल्यावर नामदेवराय देवाच्या गळ्यात पडले, पंढरीसारखे काही नाही म्हणाले आणि देवाने मावंदे घातले. आता माझ्या पाळण्याचे काय होते पाहा. नामदेवराय जिथून निघाले तिथेच परत आले. आपणही वारी करून आपापल्या घरीच परत येतो. जिथून चढला तिथेच उतरला, हा जर दोष असेल तर तो वारीलाही लागतो. फिरून कुठे पोहोचलो यापेक्षा कोणाबरोबर फिरलो याला वजन आहे, हे मी चाळीस वर्षे तीर्थावळी सांगूनही पाळण्याला लावून पाहिले नाही.

म्हणून प्रत्येकाने कर्ज काढून जावे का? मुळीच नाही. आमच्या ओळखीच्या एका घराने पीक हातात येण्याआधी उसनवारी करून अशी सहल केली. पुढे पावसाने सोयाबीन गेले. सहलीचे फोटो भिंतीवर आहेत आणि घरात बोलणे बंद आहे. दिंडीलाही भिशी भरावी लागते, पण भिशी नसली तर कोणी वारकरी वारी सोडत नाही, पिशवी घेऊन मोकळ्या समाजात चालतो. ही सोय तिकिटाच्या दारात नाही. खिशात असेल तेवढेच करावे, नसेल तर मुलांना तसे सांगावे. वेदान्त सांगू नये. पैसे नाहीत हे पोराला समजते. पैसे असताना सांगितलेले वैराग्य त्याला समजत नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकली, तीही लिहितो. तिथे जास्तीचे पैसे भरले की रांग चुकवता येते. नातू म्हणाला, "आबा, आपण पण ते घेऊ ना." मुलाने घेतले नाही, मला बरे वाटले. पंढरीला आषाढीची दर्शनबारी किती लांब जाते, एकेका वारकऱ्याला किती तास उभे राहावे लागते, तुम्ही जाणता. ते उभे राहणे हेही दर्शनच. पण नातवाला हे सांगायला तोंड उघडले आणि मिटले. कितीतरी देवळांत आज पैसे भरून पुढे जाण्याचे पास मिळतात. खेळाच्या जागेने पैशाला मान दिला तर दोष कोणाला द्यायचा, देवाच्या दारातही तेच असताना?

हल्ली भक्तीचेही थीम पार्क झाले आहेत. शिर्डीला साईतीर्थ आहे. शेगाव संस्थानाने आनंदसागर उभा केला, तिथे मुलांची आगगाडीही होती. शेगावची पालखी पायी पंढरीला जाताना आमच्या जिल्ह्यातून सेनगाव, औंढा नागनाथ अशी जाते, तेव्हा तिची शिस्त पाहावी. त्या संस्थानाविषयी मला आदरच आहे. तरी माझे मत विचाराल तर खेळ हा खेळ म्हणून खेळावा. त्याला देवाचे नाव दिले की आपण मनाची समजूत घालतो, की गेलो ते मौजेला नव्हे. मौजेला गेलो असे सरळ म्हणावे. देव रागावत नाही.

कळमनुरीला परत आल्यावर नातू पंधरा दिवस आमच्याकडे होता. शेजारच्या पोरांना तो सगळे सांगे. त्यातला एक मुलगा, त्याचे आईवडील दरसाल ऊसतोडीला जातात, सगळे ऐकून घेई. एक दिवस त्याने विचारले, "तिकीट किती?" नातवाने सांगितले. तो मुलगा काही बोलला नाही, मातीत रेघा ओढत राहिला. मी ओसरीवरून हे पाहत होतो. मला १९८७ आठवले. दोघांनाही दुसऱ्या दिवशी इसापूरच्या धरणावर घेऊन गेलो, एसटी आणि मग थोडे पायी. भेळ खाल्ली. त्याने इमॅजिकाची भरपाई झाली असे मी म्हणत नाही. ती होत नसते.

इमॅजिकातली एक गोष्ट सांगायची राहिली. दुपारी मी मुलाला विचारले, तू का बसत नाहीस एकाही पाळण्यात? तुझे तिकीट काढले आहे की. तो हसला. म्हणाला, "आण्णा, मला उंचीची भीती वाटते. कधी बसलोच नाही ना लहानपणी." सहज म्हणाला, टोमणा नव्हता. मी पिशव्या माझ्याकडे घेतल्या आणि म्हणालो, जा. तो धाकट्याला घेऊन लहान मुलांच्या एका हळू फिरणाऱ्या पाळण्यात बसला. दोघेही दांडी घट्ट धरून.

यंदाच्या माघात गावात सप्ताह होता. मुलगा दोन दिवस रजा काढून आला होता. सहाव्या दिवशी एका तरुण महाराजांचे कीर्तन होते, गोड गळा, चांगली तयारी. मध्यावर त्यांनी आकाशपाळण्याचा दृष्टान्त घेतला. माझाच, पोराच्या रडण्याच्या नकलेसकट. माझे नाव नव्हते, दृष्टान्ताला कोणाचे नाव राहत नाही. मंडप हसला. मी मान खाली घालून पायाजवळचा टाळ चाचपत बसलो. शेजारी बसलेला माझा मुलगा मात्र मांडीवर थाप मारून मनापासून हसत होता.