सहीपुरती जागा

लोणावळ्यात आमच्या बाजूला बंगल्यांच्या कुंपणभिंतींवर आता वारली चित्रं सर्रास दिसतात. परवा एक रंगारी अशीच भिंत संपवत होता. विटकरी ऑइलपेंटवर पांढऱ्या माणसांचा फेर, मधोमध तारपा वाजवणारा. फेर मात्र त्याने पुरता गोल करून मिटवला होता. वारल्यांच्या चित्रात हा नाच शंखासारखा वळत जातो आणि शेवटचं टोक मोकळं राहतं. मला ते टोक फार प्रिय आहे. तिथे आणखी कुणी येऊन हात धरू शकतं.

ही चित्रं मुळात भिंतीचीच. लग्नघरी सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत, मधे पालघट देवी. धुराने, ओलीने पीठ झडून जाई. पुढच्या लग्नाला नवा चौक. सही कुणाचीच नसे.

1970च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू तालुक्यातल्या गंजाडला पोचले आणि जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं कागदा-कापडावरून थेट गॅलरीत गेली. भिंत सुटली म्हणून हळहळणारे भेटतात. मी त्यांच्यातला नाही. जिव्यांचं मासेमारीचं जाळं पाहावं: एकेक बारीक टाका, सगळा पट व्यापणारं जाळं. लग्नाच्या चौकात त्याला जागाच नव्हती. मोकळ्या कापडाने त्यांना स्वतःचं पाहिलेलं काढू दिलं आणि खाली नावही दिलं. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. सलतं ते एवढंच, की भिंती लिहिणाऱ्या बायकांची नावं पिठाबरोबरच झडली.

हातांचं नाव राहू शकतं, हे आपल्या मावळाला ठाऊक आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात कोरलेली बहुतेक नावं दान देणाऱ्यांची. पण दाराशी धेनुकाकटच्या सामीचं नाव आहे, वेणुवासाचा मुलगा, धंद्याने सुतार. दाराचं काम त्याचं. दोन हजार वर्षं इथला पाऊस सोसून ते अजून वाचता येतं.

कुंपणावर चित्र परत भिंतीवर आलं खरं, पण लग्नही नाही आणि सहीही नाही. मी रंगाऱ्याला विचारलं, "दादा, नाव नाही टाकलं?"

"माझं कशाला, साहेब? बिल ठेकेदाराच्या नावाने निघतं."

मी कोपऱ्यातली रिकामी जागा दाखवली. त्याने तिकडे जरा वेळ पाहिलं, मग ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि फडक्याला पुसू लागला.