नीट नावाचा रस्ता


आज आपण मनाने सीरियाच्या यात्रेला जाऊ या. दमास्कस म्हणजे बायबलमधील दिमिष्क. प्रेषितांच्या कृत्यांतील (अध्याय 9) 'नीट' नावाचा रस्ता तेथे आजही आहे. भाविकांचा छळ करणाऱ्या शौलाकडे जायला हनन्या कचरला. तरी गेला आणि त्याला 'भाऊ' म्हणाला.

उत्तरेकडील डोंगरांतील मालुला गावात प्रभू येशूची अरामी भाषा अजून बोलली जाते. 2013 साली अतिरेक्यांनी तेथील मठातील धर्मभगिनींना पळवून नेले. 2014 साली त्या सुटल्या. तेथे 'भाऊ' हा शब्द उच्चारायला केवढी श्रद्धा लागत असेल! आपला अबोला मात्र वीतभर बांधावरून असतो.

या आठवड्यात आपण त्या एका घराचा रस्ता धरू या. प्रभू, आम्हांला हनन्याचे धैर्य दे. आमेन.