पद मागावे का?

ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की विचारी मुस्लिम तरुणापुढे एक प्रश्न उभा राहतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ह. अब्दुर्रहमान बिन समुरा (रजि.) यांना सत्तापद मागू नये असे बजावले होते, मग उमेदवारी अर्ज कसा भरावा? परंतु दुष्काळ येणार हे जाणून ह. यूसुफ (अ.) यांनी इजिप्तच्या कोठारांचा कारभार स्वतः मागून घेतला. आधार दिला तो जपणुकीचा व ज्ञानाचा. म्हणून अनेक विद्वानांच्या मते निषेध आहे तो लालसेचा, सेवेचा नव्हे.

ही लालसा ओळखावी कशी? हरलो तरी गल्लीतील तुंबलेल्या गटारासाठी मी पंचायतीत जाईन का? विरोधात मत देणाऱ्या, भिन्नधर्मीय शेजाऱ्याच्या पाण्यासाठी तितकाच झटेन का? मन कचरले, तर अर्ज भरू नये. पद ही अमानत आहे. तिचा हिशेब अल्लाहपुढे द्यायचा आहे.