परतीची वेळ

डोंगर चढण्यापूर्वी त्याचा हिशेब मांडणे, हा ईश्वरी योजनेवरील अविश्वास ठरतो काय? हा प्रश्न आमच्यापुढे एका कागदाच्या तुकड्यामुळे उभा राहिला.

अमेरिकेतील चौदा राज्यांतून सुमारे ३,५०० किलोमीटर जाणारी अ‍ॅपलेशियन ट्रेल ही पायवाट न्यू हॅम्पशायरमध्ये फ्रँकोनियाच्या उघड्या डोंगरधारेवरून जाते. काही वर्षांपूर्वी बॉस्टनजवळच्या एका धर्मग्रामात उन्हाळी सेवेसाठी गेलो असता, तेथे नोकरी करणाऱ्या दोन वसईकर तरुणांसह ती धार एका दिवसात पार करण्याचे आम्ही ठरविले. लिटल हेस्टॅकवर चढायचे, धारेवरून लिंकन व लाफायेट ही शिखरे गाठायची आणि दुसऱ्या वाटेने उतरायचे. लाफायेटची उंची आपल्या कळसूबाईहून किंचित कमीच. परंतु झाडी खाली राहिली की वारा, वीज आणि भर उन्हाळ्यातील गारठा यांपासून तेथे आडोसा नाही.

आदल्या रात्री तरुणांनी आकडे मांडले. दर मैलास अर्धा तास आणि दर हजार फूट चढास आणखी अर्धा तास, असा तेथील प्रचलित नियम आहे. नऊ मैल अंतर, सुमारे ३,९०० फूट चढ. म्हणजे साडेसहा तास. त्यात विश्रांती धरलेली नाही, आणि आमची पन्नाशीही नाही! म्हणून तीन तास वाढविले. पाणी, लोकरी कपडे, रेनकोट, बॅटरी अशी यादी झाली. शेवटी एक ओळ लिहिली गेली : सकाळी सातला निघायचे, अकरापर्यंत लिटल हेस्टॅक आले नाही, तर मागे फिरायचे. आम्ही हसून म्हणालो, "अरे, देवावरही थोडे सोडा!"

आम्ही वर पोहोचलो तेव्हा बाराला वीस मिनिटे कमी होती. उशीर आमच्याच पायांमुळे झाला होता. आकाश निळे, धार समोर. "चला, देव सांभाळील," आम्ही म्हणालो. धाकट्याने खिशातून तो कागद काढला. "फादर, काल आपण तिघांनी मिळून ठरवलं होतं." आम्ही मनातून रागावलो, आणि मुकाट्याने उतरू लागलो.

त्या दिवशी वादळ आले नाही. आकाश संध्याकाळपर्यंत निरभ्र राहिले. मग तो निर्णय चुकला काय?

आम्हांस तसे वाटत नाही. निर्णयाची नीतिमत्ता त्याच्या फळावरून नव्हे, तर तो घेताना जे ठाऊक होते त्यावरून जोखावी लागते. संत थॉमस अक्विनस यांनी दूरदृष्टीला सुज्ञतेचे प्रमुख अंग मानले आणि तिच्यासाठी जो लॅटिन शब्द वापरला, तोच ईश्वरी योजनेसाठीही वापरला जातो. तेव्हा पुढचे पाहणे म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ नव्हे. त्या कामातील आपला वाटा उचलणे होय. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला लूकच्या शुभवर्तमानात आहेच.

शिवाय देव सांभाळतो तो बहुधा माणसांच्या हातांनी. आमचा पाय मुरगळला असता, तर सरकारी कर्मचारी आणि स्वयंसेवक रात्रीच्या अंधारात स्ट्रेचर घेऊन वर आले असते. निष्काळजीपणाने संकटात सापडलेल्याकडून सुटकेचा खर्च वसूल करण्याची तरतूद त्या राज्याच्या कायद्यात आहे. पैसे भरता येतील. पण त्या माणसांनी पत्करलेल्या धोक्याची भरपाई कशाने करावी? 'देव सांभाळील' म्हणताना आम्ही देवावर नव्हे, तर या अनोळखी माणसांवर भार टाकीत होतो. आणि त्या शब्दांआड आमची श्रद्धा नव्हे, हौस बोलत होती.

शिखर समोर असताना मन निष्पक्ष राहत नाही. म्हणूनच परतीची वेळ घरी, दिव्याच्या उजेडात ठरवायची असते; आणि जो सर्वांत मागे चालणार, त्याला समोर ठेवून ठरवायची असते. त्या दिवशी तो मागचा माणूस आम्हीच होतो. त्या तरुणांनी आमच्यासाठी वेळ राखून ठेवली होती, हे खाली उतरल्यावर आम्हांला उमगले. गाडीत बसताना आम्ही धाकट्याची क्षमा मागितली.