कानाचं सोवळं

रत्नागिरीत थिबा पॅलेस रस्त्यावर आकाशवाणीचं केंद्र आहे. १९७७ साली ते सुरू झालं आणि ११४३ किलोहर्ट्झ हा आकडा कोकणातल्या घराघरांत पाठ झाला. आकाशवाणीची सकाळ उजाडते ती वॉल्टर कॉफमन यांनी बांधलेल्या धूनने. कॉफमन हे प्रागहून मुंबईला आलेले ज्यू संगीतकार. युरोपात नाझींचं सावट पसरत होतं तेव्हाचे निर्वासित. त्या धूननंतर वंदे मातरम्, मंगलवाद्य, मग भक्तिगीतं. म्हणजे थिबा या ब्रह्मदेशच्या हद्दपार बौद्ध राजाच्या वाड्याच्या रस्त्यावरून, एका परागंदा ज्यू माणसाच्या सुरावटीच्या पाठोपाठ विठ्ठलाचं नाव निघतं आणि ज्याच्याकडे रेडिओ आहे त्याच्या माजघरात जाऊन बसतं. ऐकणारा कोण, कुठल्या आळीतला, हे विचारायची सोयच नाही.

ही सोय नसणं किरकोळ नाही. पवित्र शब्द ऐकायला अधिकार लागतो का, या प्रश्नावर आपल्याकडे फार शाई आणि थोडं शिसंही खर्च झालं आहे. शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात शिसं आणि लाख ओतावी, असं गौतम धर्मसूत्र सांगतं. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्य ते वचन प्रमाण म्हणून देतात. इतिहास-पुराणं मात्र चारही वर्णांनी ऐकावीत, एवढी वाट ते ठेवतात. ज्ञानेश्वरांनी हे मुकाट्याने मान्य केलं नाही. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ते वेदाला चक्क कंजूष ठरवतात. घरात सगळं भरलेलं, पण तीनच वर्णांच्या कानाशी बोलतो. ते उणं भरून काढायला तो गीतेच्या रूपाने पुन्हा आला, असा त्यांचा युक्तिवाद. भाष्यकाराला एवढी मोकळीक क्वचितच कुणी घेऊ देतं.

रेडिओने हा वाद जिंकला नाही. तो वादात उतरलाच नाही. मध्यम लहरी जमिनीला धरून जातात, खाऱ्या पाण्यावरून तर आणखी लांब जातात, आणि त्यांना उंबरठा ठाऊक नसतो. नव्य नैयायिकांना हे ऐकून मौज वाटली असती. शब्द कानापर्यंत पोचतो कसा, याची त्यांच्याकडे दोन उत्तरं होती: पाण्यातल्या लाटेसारखा एकामागून एक सरकत, किंवा कदंबाच्या फुलासारखा एकदमच सगळ्या दिशांनी फुटत. मीमांसक म्हणत, शब्द नित्यच आहे. उच्चार त्याला फक्त प्रकट करतो. रेडिओची लहर म्हणजे ध्वनी नव्हे, त्यामुळे दर्शनांना विज्ञानाचं प्रमाणपत्र द्यायची घाई नको. पण या दोन्ही पक्षांपैकी कुणाच्याही हिशेबात शब्द स्वतःहून श्रोता निवडत नाही. निवड माणसं करतात, आणि ती शिसं वितळवून करावी लागते.

दुसरी बाजू स्टुडिओत दिसते. नारदीय कीर्तन उभं राहतं ते समोरच्या माणसांवर. बुवा नमनाचं पद संपवून पूर्वरंगात शिरतात, श्रोत्यांच्या माना पाहून निरूपण लांबवतात किंवा आखडतात. मध्यंतरात बुक्का लागतो, हार पडतो. शेवटी आरतीचं ताम्हन फिरतं. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत भिंती आवाज गिळतात. दारावर लाल दिवा, काचेपलीकडे खुणा करणारा माणूस, समोर मायक्रोफोन. गजर बुवांनी करायचा आणि झेलायचा फक्त साथीदारांनी. उत्तररंगातलं आख्यान ऐन रंगात आलं असताना घड्याळ आडवं येतं. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं हे खरं, पण त्या श्रवणाला शेजार होता. शेजारच्याचा गुडघा लागत होता.

आणि रत्नागिरीत खरी ठिणगी पडली होती ती या गुडघ्यावरून. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने आणि इथे स्थानबद्ध असलेल्या सावरकरांच्या पुढाकाराने पतितपावन मंदिर उभं राहिलं, सर्व हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश देणारं. त्याच चळवळीत सहभोजनं झाली, अखिल हिंदू उपाहारगृह निघालं. विरोध झाला तो पंगतीला, हातच्या चहाला, अंगाला अंग लागण्याला. सावरकरांच्या इतर मतांशी कुणाचं कितीही वाकडं असो, नेमकी दुखरी नस कुठली हे त्यांनी ओळखलं होतं. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात त्यांनीही मागितलं ते दार.

रेडिओने दार न मागता आतलं सगळं बाहेर आणून दिलं. अभंग बौद्धवाडीत वाजला आणि ब्राह्मणआळीतही वाजला. दोन्हीकडे एकाच मिनिटाला, एकाच गळ्यातून. पण दोन्ही घरं होती तिथेच राहिली. कुणाला कुणाच्या ओटीवर बसावं लागलं नाही, सोवळं मोडलं नाही, कुरकुरही झाली नाही. १९५५च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा लोकांनी रेडिओला हार घातले, उदबत्त्या लावल्या. प्रत्येकाने आपापल्या घरात. इतक्या विनासायास मिळालेल्या समतेला समता म्हणायला जीभ अडखळते. तिला फार तर समान पुरवठा म्हणता येईल.

श्रवण सामुदायिक करण्याचा प्रयत्नही महाराष्ट्रातच झाला होता. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रोतामंडळं बसवली. शेती आणि गावाच्या प्रश्नांवरचा कार्यक्रम एकत्र ऐकायचा, मग त्यावर बोलायचं, शंका केंद्राला कळवायच्या. रत्नागिरी त्या पाचांत नव्हती. आणि तिथे विषय खत-बियाण्यांसारखे व्यवहाराचे होते. अभंग ऐकून त्यावर बोलायला अशी मंडळं सरकारने बसवली नाहीत, बसवू धजलंही नसतं. धर्मावर आणि जमातींवर हल्ला नको, हे आकाशवाणीच्या संहितेतच आहे. नियम शहाणपणाचा आहे, पण त्याच्या धाकाने ज्ञानेश्वरांचा कंजूष वेद सकाळच्या चिंतनातून आपोआप गळू शकतो. उरतो तो गोड, कुणालाच न टोचणारा विठ्ठल.

समुद्रावरचं श्रवण मात्र वेगळ्या जातीचं. वाऱ्याचा वेग वाढणार, मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये, हा इशारा मिरकरवाड्याच्या बंदरात मुसलमान नाखवा ऐकतो, खारवी ऐकतो, भंडारीही ऐकतो. तो ऐकून नुसतं बसता येत नाही. होडी काढायची की नाही, बाहेर गेलेल्यांना कसं कळवायचं, बर्फ आणि डिझेलचा खर्च कुणी सोसायचा, हे धक्क्यावर उभं राहून एकमेकांशी बोलूनच ठरतं. भक्तिगीतं आणि हा इशारा येतात त्याच केंद्रावरून, पण भक्तिगीतं ऐकून अजून कुणाला असं धक्क्यावर यावं लागलेलं नाही.